नवती बघून फवारा

इंदूरच्या चोइथराम मंडीत कागदी लिंबाचा भाव सालीवर ठरतो. लिंबू रसानं कितीही भरलेलं असो, वर खरखरीत तपकिरी खवले दिसले की व्यापारी क्रेटमधून दोन लिंबं उचलतो, अंगठ्यानं साल चोळतो आणि "ये तो अचार का माल है" म्हणत क्रेट बाजूला सारतो. वाद घालून उपयोग नसतो. डाग सालीपुरतेच असतात, रसाला काही होत नाही, खाणाऱ्यालाही नाही. पण गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं, आणि इंदूरमध्ये सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नाही. (शिकंजीचा हिशेब यात धरू नका. बाहेरगावचे पाहुणे शिकंजी म्हटलं की लिंबाचं सरबत समजतात. आमच्याकडे ती दुधाची असते.)

आमची बाग खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नोकरीत असतानाच तिथे तीन बिघे काळी जमीन घेऊन लिंबं लावली. सहा मीटर बाय सहा मीटरवर, बियांपासून केलेली साधी कागदी लिंबाची रोपं. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच सुमारास अण्णांच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि बाग माझ्याकडे आली. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, बागेत मात्र सगळा कारभार माळवी-हिंदीत. तिथे राहून राखण करणारे दादा मला भाभीजी म्हणतात. झाडांबद्दल ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

खैऱ्या, म्हणजे सालीवर असे खरखरीत डाग पाडणारा रोग, बागेत आधीपासून होताच. कागदी लिंबाच्या बागेत तो थोडाफार असतोच, कारण लिंबूवर्गात या रोगाला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्यांत कागदी लिंबू येतं. संत्रं बरंच सोसतं, मोसंबी मध्ये कुठेतरी. पण लागोपाठ दोन पावसाळे असे गेले की पानं, काटे, कोवळ्या फांद्या, फळं, सगळंच डागाळलं. औषधाच्या दुकानात गेलं की दर पंधरवड्याला मारायला एक पुडी आणि एक डबा मिळायचा. पैसे जात होते, डाग राहत होते.

शेवटी मी डागाळलेली पानं आणि एक फांदी प्लास्टिकच्या पिशवीत नीट बंद करून इंदूरच्या कृषी महाविद्यालयात नेली. तिथल्या वनस्पती रोगशास्त्राच्या सरांनी डागाच्या कडेचा बारीक तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला सांगितलं. कापलेल्या कडेतून धूर निघावा तसं काहीतरी संथ बाहेर पडत होतं. ते सगळे जिवाणू. झँथोमोनास सिट्री हे त्याचं नाव. बुरशी असती तर असा लोट दिसला नसता. पानावरून ओळखायचं असेल तर डाग दोन्ही बाजूंनी उठलेला लागतो, मध्ये खळगा पडतो आणि ताज्या डागाभोवती पिवळं वलय असतं. फांदीवरच्या डागाला ते वलय नसतं, म्हणून तिथला खैऱ्या नजरेतून सुटतो. नेमका तिथेच तो उन्हाळा काढतो.

कोणतं औषध मारता, हे सरांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, झाडाला नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, कधी कधी येते?

हा प्रश्न का, ते त्यांनी पानं हातात घेऊनच सांगितलं. जुनं, चामड्यासारखं झालेलं पान या जिवाणूला आत येऊ देत नाही. त्याला शिरायला पानाची छिद्रं लागतात किंवा जखम लागते. पान निम्मं-पाऊण वाढलेलं असताना ही छिद्रं उघडी आणि पान कोवळं असतं, तेव्हा धोका सर्वात जास्त. फळाचं तसंच: पाकळ्या गळाल्यापासून साधारण 90 दिवस ते नाजूक, पुढे साल घट्ट होत जाते. आता यात पाऊस घाला. जुना डाग भिजला की त्यातून जिवाणू पाण्यात उतरतात, थेंब उडाले की शेजारच्या पानावर जातात. आणि वारा जोराचा असेल, ताशी तीसेक किलोमीटरच्या आसपास, तर तो ते पाणी छिद्रांतून पानाच्या आत दाबतो. हवेचं तापमान 20 ते 30 अंश असलं की पुढचं काम झपाट्यानं होतं. आठ-दहा दिवसांत नवे डाग दिसतात. माळव्याचा जुलै-ऑगस्ट म्हणजे हे सगळं एकाच वेळी, एकाच ठिकाणी.

आणि तांबं, म्हणजे कॉपरची सगळी औषधं, आजार बरा करत नाहीत. ती पानावर बसतात आणि येणाऱ्या जिवाणूला मारतात. आत शिरलेल्याला ती पोचतच नाहीत. पान वाढलं की त्याचा नवा भाग उघडाच राहतो. मग पंधरवड्याचा हिशेब कशाला उपयोगी? पंधरवड्याच्या मध्ये नवती फुटून वादळी पाऊस झाला तर औषध कपाटात आणि रोग पानात.

तिथून माझं वर्ष सुरू झालं ते छाटणीनं. खैऱ्याची छाटणी कोरड्या हवेत करायची, पावसाच्या बऱ्याच आधी. आम्ही ती मार्चच्या अखेरीला घेतली. त्याआधी करता आली असती, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे गारपिटीची धास्ती असते आणि ताज्या कापावर गार पडलेली मला नको होती. सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, आधी काढली, मग डागांनी भरलेल्या फांद्या. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची आणि पुसायची. मजुरांना हे सुरुवातीला थट्टेचं वाटलं. दादांनी मात्र स्वतःकडे बादली घेतली आणि कुणालाही बुडवल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जाऊ दिलं नाही. मोठ्या कापांवर बोर्डो मलम लावलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

छाटलेल्या फांद्यांवरून घरात वाजलं. अण्णांचा जीव कंपोस्टात. अल्बर्ट हॉवर्ड 1924 मध्ये इंदूरला आले, इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत त्यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली, हे अण्णा दर दिवाळीला एखाद्या पाहुण्याला ऐकवतातच. त्यांच्या मते शेतातलं काहीही जाळणं म्हणजे पाप. ढीग नीट तापला तर त्यात जिवाणू टिकणार नाहीत, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण काटेरी फांद्या ढिगाच्या कडेला उघड्या राहतात आणि ढीग बागेच्या वाऱ्याच्या बाजूला होता. मी फांद्या वाळवून जाळल्या. अण्णा दोन दिवस माझ्याशी फक्त चहापुरतं बोलले. गळलेला पालापाचोळा मात्र कंपोस्टात जाऊ दिला, कारण या जिवाणूचा मातीत आणि कुजणाऱ्या पानांत फार काळ निभाव लागत नाही. त्यानं अण्णांचा राग अर्धा उतरला.

छाटणीची एक गोम मला त्या वर्षी कळली. जितकं जास्त कापाल तितकी नवती जोरात येते. जितकी नवती जोरात, तितकं कोवळं पान जास्त, आणि पाऊस आला की तितकं भक्ष्य जास्त. युरियाचं तेच. म्हणून छाटणी हलकी ठेवली आणि नत्राचा हप्ता पावसाच्या तोंडावर न देता तोडून तोडून दिला. शेजारच्या बागेत जूनमध्ये झाडं आमच्यापेक्षा हिरवीगार दिसत होती. दादा रोज कुंपणापलीकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

मेच्या शेवटी बोर्डो मिश्रण केलं. आता तयार कॉपर ऑक्सिक्लोराइड मिळतं, 10 लिटरला 30 ग्रॅम, कटकट नाही. पण बोर्डो पानाला जास्त चिकटून राहतं आणि आमच्याकडे पाऊस आला की धुऊन काढतो. एक टक्क्याचं करायचं म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद, ज्याला इथल्या दुकानात नीला थोथा म्हटल्याशिवाय कुणी देत नाही, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून प्लास्टिकच्या पिंपात वरच्या बाजूला टांगून ठेवला की सकाळपर्यंत आपोआप विरघळतो. तळाला टाकला तर ढवळत बसा. चुना वेगळ्या भांड्यात विझवून गाळून घ्यायचा. मग दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि ढवळत राहायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही. तयार झालं की त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा थोडा वेळ धरायचा. खिळ्यावर तांबूस थर बसला तर आम्ल उरलेलं आहे, आणखी चुन्याचं पाणी घाला. थर बसला नाही तर फवारायला घ्या, आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी त्याला ती चिकटण्याची ताकद राहत नाही.

हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षबागांतलं. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी हात टाकू नये म्हणून बागवाले मोरचूद आणि चुना शिंपडायचे. त्या वेली रोगातून वाचल्या हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्यांनी ते औषध म्हणून जगापुढे मांडलं. खंडवा रोडवरून जाणारे आमच्या कुंपणातून लिंबं तोडतात, त्यामुळे मला या गोष्टीचा पहिला भागही तितकाच आवडतो.

पुढचं सगळं वर्ष हवामानानं चालवलं.

पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आला, दोन दमदार सरी झाल्या आणि गायब झाला. त्या ओलीवर झाडांना नवती फुटली. नेहमीचा हिशेब असता तर फवारणी आधीच होऊन गेली होती आणि पुढची लांब होती. मी आणि दादांनी ठरवलं होतं की बागेत चारही कोपऱ्यांतली आणि मधली काही झाडं खुणेची ठेवायची, त्यांना लाल चिंधी बांधायची, आणि दर दोन-तीन दिवसांनी त्यांची कोवळी पानं बघायची. पान बोटाच्या पेरापेक्षा मोठं झालं आणि अजून लुसलुशीत आहे, की औषध. पुतण्या भोपाळला नोकरी करतो, तो हवामान खात्याचा अंदाज रोज बघून पाठवायचा: "काकू, परवापासून वारा आहे." त्याच्या "परवा"च्या आदल्या दिवशी पंप बाहेर. पाऊस पडून गेल्यावर मारलेलं औषध म्हणजे चोर गेल्यावर कुलूप. कोरडी दुपार नको, तांब्यानं कोवळं पान करपतं, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पानाची खालची बाजू भिजली की नाही, हे मी स्वतः पानं उलटून बघायचे. छिद्रं तिथेच जास्त असतात.

त्याच नवतीवर नागअळी आली. ती पानाच्या आत चंदेरी वाटा कोरत जाते आणि पान आक्रसतं. खैऱ्यासाठी ती वाट म्हणजे उघडं दार, कारण जखम झालेल्या पानाला वयाचं संरक्षण राहत नाही. एका पानावर डागांच्या रांगा बरोबर अळीच्या वाटेवरून गेलेल्या मी पाहिल्या. तेव्हापासून नवतीला निंबोळी अर्क ठरलेला: शंभर लिटरला पाच किलो निंबोळ्या. तो बोर्डोत मिसळायचा नाही, वेगळा मारायचा. चुन्याच्या पाण्यात दुसरं काहीही घालू नये.

ऑगस्टमध्ये झड लागली. दिवसचे दिवस सूर्य नाही, बागेत पाय घातला की गुडघ्यापर्यंत काळा चिखल. मारायला चार तासांची उघडीपसुद्धा मिळेना. फ्लोरिडात कॉपर साधारण 21 दिवसांच्या अंतरानं मारायला सांगतात, पण तिथेही मध्ये झपाट्यानं पाऊस झाला की तो हिशेब कोलमडतो. मिळाली ती एक सकाळ आम्ही पकडली, कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि चिकटवणारं द्रव्य घेऊन. त्या झडीत डाग वाढले. पण वाढले ते कुठे, हे बघण्यासारखं होतं. नैऋत्येच्या कडेच्या दोन-तीन ओळी पार खरवडलेल्या आणि ईशान्येला, विहिरीजवळच्या चिंचेच्या आडोशाला, जवळजवळ स्वच्छ. औषध सगळीकडे सारखंच मिळालं होतं. फरक वाऱ्याचा.

दादा म्हणाले, "भाभीजी, हवा को रोको." एवढं सोपं. त्या पावसाळ्यातच नैऋत्य आणि पश्चिम कडेला शेवरी टोचली, कारण ती भराभर वाढते, आणि तिच्या बाहेर सुरूची रोपं, जी तिच्यापेक्षा सावकाश वाढतात पण टिकतात. वारा पूर्ण अडवायचा नसतो, त्याचा वेग मोडायचा असतो. अर्जेंटिनातल्या लिंबूबागांत वाराआड हा खैऱ्याविरुद्धचा मोठा भाग आहे, हे सरांनी सांगितलं होतं, पण ओळींकडे बघितल्याशिवाय ते डोक्यात उतरलं नाही. वाऱ्यानं या रोगाचं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण फ्लोरिडाच आहे: 1995 नंतर तिथे रोगी आणि आसपासची निरोगी अशी लाखो झाडं तोडून रोग मुळासकट काढायचा प्रयत्न चालला होता. 2004 आणि 2005 च्या चक्रीवादळांनी तो इतका पसरवला की 2006 मध्ये तो कार्यक्रमच बंद करावा लागला. आपल्याकडे तर मुळासकट काढण्याचा विचारही व्यर्थ. लंडनच्या क्यू बागेतल्या जुन्या वाळवलेल्या नमुन्यांत खैऱ्याचे डाग असलेली महाळुंगाची पानं आहेत, ती 1827 ते 1831 दरम्यान डेहराडूनला गोळा केलेली. हा आपल्याच घरातला जुना भाडेकरू आहे.

पुडीबद्दल. दुकानात मिळायची ती स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि थोडं टेट्रासायक्लिन. 10 लिटरला एक ग्रॅम कॉपरबरोबर, ही शिफारस वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि अनेक बागवाले तिच्यावर शपथ घेतात. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारनं शेतीत या दोन्हींच्या वापरावर बंदी आणण्याचा मसुदा काढला, कारण हीच औषधं माणसांना लागतात आणि जिवाणू त्यांना सरावतात. अण्णांना लहानपणी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागली होती, छातीच्या आजारासाठी. त्यांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग लिंबाला कशाला?" मी ती पुडी आणणं सोडलं. पुडीशिवाय माझ्या बागेत खैऱ्या वाढला, असं मला तरी दिसलं नाही. कॉपरचंही अति नको. ते मातीत साठत जातं, आणि अर्जेंटिनात तांब्याला न जुमानणारे खैऱ्याचे जिवाणू सापडलेले आहेत. म्हणून नवती नसेल तर मी पंप काढत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

बहाराचा, म्हणजे कोणत्या हंगामातली फुलं धरायची याचा, निर्णय सगळ्यात अवघड. मृग बहार धरला तर कोवळी फळं पावसाच्या तोंडात. आंबे बहाराचं फळ जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचं, पावसापर्यंत त्याची साल घट्ट झालेली असते, पण तेव्हा मंडीत लिंबाचे ढीग. हस्त बहाराची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरला, पाऊस सरताना. फळ उन्हाळ्यात, जेव्हा भाव चढतो. खैऱ्याच्या दृष्टीनंही हाच बरा. अडचण एवढीच की हस्तासाठी झाडाला ताण बसावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी तुटावं लागतं, आणि आमची काळी जमीन पावसाळ्याचं पाणी सोडत नाही. त्यावर एक शिफारस आहे: जूनमध्ये जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संप्रेरक 50 पीपीएम (दहा लाखांत 50 भाग), सप्टेंबरमध्ये वाढ रोखणारं सायकोसिल 1000 पीपीएम, ऑक्टोबरमध्ये एक टक्का पोटॅशियम नायट्रेट. आम्ही ती अर्ध्या बागेवर करून पाहिली. फुलं आली. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसानं झोडपलं, तेव्हा त्याच फुलांवर आणि त्याबरोबरच्या नवतीवर पुन्हा एक फवारा द्यावा लागला. जानेवारीत मावठा झाला, पण थंडीत हा जिवाणू मंदावतो आणि तेव्हा झाडावर कोवळं पानही फार नव्हतं. मी चिंध्या बांधलेली झाडं फिरून पाहिली आणि पंप जागच्या जागी ठेवला. दादांना ते पटलं नाही. ढग दिसले की मारायचं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं आहे की त्यांनी मला दोनदा विचारलं.

एप्रिलमध्ये हस्ताचा माल मंडीत गेला. डाग होते, पण व्यापाऱ्यानं अंगठा चोळला आणि क्रेट पुढे ढकलला. लोणच्याच्या ढिगात गेले ते मुख्यतः नैऋत्येच्या ओळींचे. शेवरी आता माणसाच्या डोक्यावर गेली आहे, सुरू अजून कमरेएवढे. त्या ओळींतली तीन झाडं इतकी खंगली आहेत की काढावीच लागतील, आणि त्यांच्या जागी तिरुपतीचं बालाजी लावायचं की राहुरीचं साई सरबती, यावर घरात एकमत नाही. दोन्ही खैऱ्याला बरंच सोसतात असं म्हणतात. अण्णांना पुन्हा कागदीच हवं. कुठलंही असो, रोपवाटिकेतून आणताना प्रत्येक रोपाची फांदी मी चष्मा लावून बघणार आहे, कारण बागेत खैऱ्या येतो तो बहुतेक वेळा रोपाबरोबरच.